बुंधा समुद्रात, शेंडा टेकडीवर

प्लिमथच्या टेकडीवरचा तो मनोरा चढताना एका खोलीत पाऊल आपोआप थबकते, कारण तिथला पलंग वाकडा आहे. मोडून वाकलेला नव्हे, मुद्दाम वाकवलेला. खोली गोल, भिंत गोल, तेव्हा पलंगही केळ्यासारखा भिंतीला धरून वळलेला. झोपणाऱ्याने एक तर पाय पोटाशी घ्यावेत, नाही तर पाठीला भिंतीचा बाक द्यावा. मी कडेच्या फळीवरून हात फिरवला, आडवे होण्याचा मोह आवरला आणि शिडीला लागलो. सगळ्या मिळून त्र्याण्णव पायऱ्या, शेवटच्या तर निव्वळ शिड्याच. खाली उतरल्यावर मित्राने विचारले, "वर काय पाहिलंस?" मी म्हटले, "पलंग." तो हसला. लोक वर समुद्र पाहायला जातात.

पण या वास्तूची गोडी घ्यायची तर अशा न बसणाऱ्या गोष्टींपासूनच सुरुवात करावी. मुळात दीपगृह हिरवळीवर उभे आहे, हेच खटकते. भोवती पोरे आइस्क्रीम खात पळतात, कोणी कुत्रे फिरवते, कोणी मनोऱ्याला पाठ देऊन फोटो काढते. लाल-पांढरे पट्टे इतके ताजे रंगवलेले, की जत्रेतले लाकडी खेळणे मोठे करून ठेवल्यासारखे वाटावे. या जागेवरून त्याच्या दिव्याने एकाही जहाजाला वाट दाखवलेली नाही. त्याची खरी जागा इथून सुमारे बावीस किलोमीटर दूर, भर समुद्रात, एडिस्टोनच्या खडकावर आहे. आणि तो सगळाच्या सगळा इथे आलेलाही नाही. आला तो वरचा भाग. बुंधा अजून तिथेच आहे.

ही गोष्ट कळली की मनोरा वेगळा दिसू लागतो. एखाद्या कवितेची पुढची कडवी पाठ्यपुस्तकात छापावीत आणि पहिले कडवे मूळ वहीत राहून जावे, तसे काहीसे. तेव्हा वाचायला घ्यायचे ते मूळ वहीपासूनच.

एडिस्टोन म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापुढचा खडकांचा पुंजका. भरतीला जवळजवळ सगळा पाण्याखाली जातो, सुकतीला काळे दात दिसतात. प्लिमथ हे मोठे बंदर, आरमाराचे ठाणे. अटलांटिकवरून येणारे जहाज घराच्या उंबऱ्याशी येऊन या दातांवर फुटायचे. या खडकावर पहिले दीपगृह बांधले हेन्री विन्स्टन्लीने. माणूस हौशी, कल्पक, थोडा नाटकी. लोकांना थक्क करणारी यंत्रे आणि कारंज्यांचे खेळ करून पैसे मिळवणारा. १६९६ साली काम सुरू झाले. पुढच्या वर्षी इंग्लंड-फ्रान्स युद्धात फ्रेंच खलाशांनी त्याला खडकावरूनच उचलून नेले आणि चौदाव्या लुईने त्याला सोडून दिले. १४ नोव्हेंबर १६९८ ला दिवा लागला. त्या दीपगृहाची चित्रे पाहिली की हसू येते आणि वाईटही वाटते. सज्जे, कठडे, नक्षी, वातकुक्कुट. समुद्राच्या तोंडावर कोणी हवेली बांधावी तसे. सर्वांत मोठ्या वादळात आपण या दीपगृहातच असावे, अशी इच्छा तो बोलून दाखवायचा म्हणतात. नोव्हेंबर १७०३ च्या महावादळाच्या रात्री तो तिथेच होता. सकाळी खडकावर ना दीपगृह होते, ना तो.

दुसरा खर्डा जॉन रुडयर्डचा, १७०८ चा. हा रेशमाचा व्यापारी. त्याने अलंकार पार पुसून टाकले. जहाजाच्या कुशीसारखा गुळगुळीत लाकडी शंकू, आत वजनासाठी दगडाचे थर. समुद्राला धरायला कुठे काही ठेवलेच नाही. सत्तेचाळीस वर्षे तो समुद्राला पुरून उरला आणि शेवटी आगीने गेला. २ डिसेंबर १७५५ च्या रात्री दिव्याच्या खोलीतच आग लागली. राखणदार हेन्री हॉल, वय चौऱ्याण्णव, बादलीने वर पाणी फेकत राहिला. छपराचे शिसे वितळून खाली गळत होते. वर पाहताना ते थेट त्याच्या तोंडात गेले. पोटात शिसे गेले असे तो सांगत होता, पण कोणाचा विश्वास बसेना. बारा दिवसांनी तो गेला आणि शवविच्छेदनात सुमारे दोनशे ग्रॅमचा शिशाचा गोळा निघाला. तो गोळा आज एडिंबरोच्या संग्रहालयात ठेवलेला आहे. या दीपगृहातले जपलेले अवशेष मोजायचे तर त्यातला हा पहिला धरावा, असे मला वाटते.

मग आला जॉन स्मीटन, टेकडीवरच्या मनोऱ्याचा कर्ता. लीड्सजवळच्या ऑस्टहॉर्पचा, वय जेमतेम एकतीस-बत्तीस, धंदा शास्त्रीय उपकरणे बनवण्याचा. दीपगृह त्याने कधी बांधलेले नव्हते. रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनी त्याचे नाव सुचवले. आपल्याला 'सिव्हिल इंजिनियर' म्हणवणारा पहिला माणूस पुढे हाच ठरला. नक्षीवाल्याची चूक आणि लाकूडवाल्याची चूक अशा दोन्ही त्याच्यासमोर होत्या. त्याने ठरवले: दगड, आणि फक्त दगड. पण समुद्रात नुसता दगडावर दगड ठेवून भागत नाही. लाट ढकलते, ओढते आणि फटीत शिरून उचलतेही. तेव्हा दगडाने दगडाला सोडायचेच नाही अशी सोय हवी होती.

इथे जरा रेंगाळू. मनोऱ्याचा एकच थर आडवा कापून वरून पाहायचा. मधोमध एक दगड. त्याच्या चारही बाजूंना खाचा, आणि त्या खाचांत चार दगडांची टोके अडकलेली. त्या चारांच्या बाहेर आणखी दगड, त्यांच्या बाहेर आणखी, शेवटी परिघावर कॉर्नवॉलच्या ग्रॅनाइटचे कडे. आतले दगड पोर्टलंडचे, घडवायला सोपे. बाहेरचा ग्रॅनाइट, झिजायला अवघड. प्रत्येक टोक मानेशी अरुंद आणि डोक्याशी रुंद. सुतार खणाच्या कोपऱ्यात फळ्या अडकवतो तसे. बाहेरचा दगड सुटायला निघाला तर आतला त्याला मानेला धरून ठेवतो. मधला दगड हलेपर्यंत कोणीच हलत नाही, आणि मधल्याला हलायला जागाच नाही. मराठीच्या तासाला शिकवतात त्या समासाची मला इथे आठवण होते: विभक्तीचे प्रत्यय गळून गेलेले, पदे एकमेकांत शिरलेली, आणि विग्रह करायचा म्हटले तर सगळा शब्दच मोडावा लागतो.

ही खाच त्याला सुचली कुठून? लंडनच्या पदपथाच्या कडेला दगड असे अडकवून बसवलेले त्याने पाहिले होते. रस्त्यावरून रोज हजारो लोक त्यांवर पाय देऊन जात होते; दिसले एकालाच.

हा झाला आडवा बंध. वरचा थर खालच्यावरून घसरू नये म्हणून संगमरवराचे घनाकृती ठोकळे घातले, अर्धे खालच्या थरात, अर्धे वरच्यात. चुना घट्ट होईपर्यंत लाट दगड उचलून नेईल म्हणून ओकच्या पाचरा आणि खुंट्या. वरच्या खोल्यांच्या कमानदार छतांचा रेटा भिंतींना फाकवील म्हणून भिंतीत गोल खोबण करून लोखंडी साखळी बसवली आणि खोबणीत शिसे ओतले. सिंधुदुर्गाच्या पायात शिसे ओतल्याचे आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यामुळे हे वाचताना मला परके वाटले नाही. ज्या खडकावर शिशाने एका म्हाताऱ्याचा जीव घेतला, त्याच खडकावर त्यानंतर चारच वर्षांत ते भिंती धरून उभे राहिले.

एकूण दगड १४९३. प्रत्येक थर आधी प्लिमथच्या मिलबेच्या आवारात सपाट जमिनीवर पूर्ण मांडून पाहायचा, खुणा करायच्या, मग सुटा करून होडीने न्यायचा. नाटकवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. भर समुद्रात प्रयोग असेल तर रंगीत तालीम चोख हवी. खडक स्वतः उतरता होता, म्हणून पहिले सहा थर अपुरेच आहेत. त्यांचे काम उतार भरून काढण्याचे. त्यासाठी खडकच पायऱ्यांसारखा खोदला आणि खाचा थेट खडकात घेतल्या. म्हणजे मनोरा खडकावर ठेवलेला नाही, खडकातूनच निघालेला आहे. सातवा थर पहिला पुरा गोल. ही अनुक्रमणिका कंटाळवाणी वाटेल, पण मला तीत लय दिसते: सहा अडखळते शब्द आणि मग पहिले पूर्ण वाक्य.

आता चुना. या वास्तूतला सर्वांत सुंदर भाग कोणता असे विचारले तर मी दरजांमधला चुना म्हणेन, आणि तो तर दिसतच नाही. साधा चुना हवेत घट्ट होतो, पाण्यात विरघळतो. दिवसातून दोनदा बुडणाऱ्या खडकावर त्याचा उपयोग काय? स्मीटन प्लिमथमध्ये विल्यम कुकवर्दी या औषधी विकणाऱ्या रसायनज्ञाच्या घरी उतरला होता. चुनखडी आम्लात विरघळवून मागे काय उरते ते पाहायचे, ही युक्ती त्याच्याकडून शिकला. निरनिराळ्या खाणींच्या चुन्याचे गोळे करून पाण्यात टाकून ठेवले. तोवर गवंड्यांची समजूत अशी, की जितका दगड कठीण तितका चुना चांगला. स्मीटनला दिसले ते वेगळेच: ज्या चुनखडीत मातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यात धरतो. अशुद्ध म्हणून ज्याकडे नाक मुरडायचे, त्या मातीतच सगळी करामत होती. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या ॲबरथॉची चुनखडी त्याने घेतली, आणि तिच्या जोडीला इटलीहून आलेली ज्वालामुखीची राख. वेस्टमिन्स्टरच्या पुलासाठी खपेल म्हणून एका व्यापाऱ्याने ती मागवली होती. तिथे खपली नाही, म्हणून पडून होती. आधुनिक सिमेंटचा इतिहास सांगणारे या गोळ्यांपाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत.

आपल्याकडचे गवंडी चुन्यात सुरखी घालत ती याच कारणाने. विटेचा चुरा म्हणजे भाजलेली मातीच. मुरूडच्या समुद्रातल्या पद्मदुर्गाच्या तटापाशी गेलात तर दगडापेक्षा चुना पाहा. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड आत झिजत गेले आहेत, आणि दोन दगडांमधल्या चुन्याच्या रेघा मधाच्या पोळ्यासारख्या पुढे आलेल्या आहेत. तिथे मी पहिल्यांदा दरजेकडे नीट पाहिले. प्लिमथला जाताना मनात तोच तट होता.

खडकावर काम किती वेळ झाले, याचा स्मीटनचा हिशेब मला पाठ आहे: तीन वर्षांहून जास्त काळ, त्यात खडकावर पाय ठेवता आला असे दिवस ४२१, आणि प्रत्यक्ष काम करता आले असे तास २६७४. सलग मोजले तर सोळा आठवडेसुद्धा भरत नाहीत. बाकीचा वेळ वाट पाहण्यात. सुकतीची, वाऱ्याची. कामगारांत कॉर्नवॉलचे कथिलाच्या खाणीतले मजूर होते. आरमाराचे लोक किनाऱ्यावरून धडधाकट माणसे जबरीने उचलून नेत, म्हणून या कामगारांना ओळख म्हणून चांदीची पदके दिली होती. स्मीटन स्वतः पाया मांडताना खडकांत पडला, एका हाताचा अंगठा निखळला. वैद्य दूर किनाऱ्यावर. त्याने दुसऱ्या हाताने अंगठा धरून ओढला, जागेवर बसवला आणि कामाला लागला. स्वतःच्या सांध्याबाबतही माणूस तितकाच व्यवहारी.

२४ ऑगस्ट १७५९ ला शेवटचा दगड बसला. त्यावर देवाची स्तुती सांगणारे दोन लॅटिन शब्द कोरले आहेत. १६ ऑक्टोबरला दिवा लागला: दोन कड्यांवर लावलेल्या चोवीस मेणबत्त्या. त्यांची काजळी वेळेवर कापली जावी म्हणून दर अर्ध्या तासाला ठोका देणारे घड्याळ. १८१० साली तेलाचे दिवे आणि परावर्तक आले, तोवर पन्नासेक वर्षे या जगप्रसिद्ध दीपगृहात एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यातल्या झुंबराएवढाच उजेड होता. एवढा बुंधा, एवढा चुना, आणि वर चोवीस मेणबत्त्या! मला हे प्रमाण फार आवडते.

आता बाह्यरेषेबद्दल, कारण मनोऱ्याची कीर्ती तिच्यावर आहे. खाली पसरट, मग झपाट्याने निमुळता होत पुन्हा जवळजवळ सरळ. पायथ्याशी सुमारे आठ मीटर रुंद, वर पाच. स्मीटनने सांगून ठेवले, की ही कल्पना ओकच्या झाडावरून घेतली. वादळात फांद्या मोडतात, खोड उभे राहते. ही उपमा इतकी लोकप्रिय झाली, की पुढची शंभर वर्षे समुद्रातले दीपगृह म्हटले की ही रेषा ठरलेली. स्कॉटलंडमधले बेल रॉक हे तिचे थेट वंशज. मुंबईकराला कुलाब्यापुढचे १८७५ चे प्रॉन्ग्ज दीपगृह आठवेल. १८६० पासूनच्या ब्रिटिश पेनीवर ब्रिटानियाच्या मागे हाच मनोरा उभा असे.

पण रसिकाने उपमेपुढे मान तुकवण्याआधी तिला ठोकून पाहावे. झाड टिकते ते मुळांनी आणि लवचीकपणाने. दगडी मनोरा टिकतो तो वजनाने. वजन खाली, गुरुत्वमध्य खाली. दीपगृहे बांधणाऱ्या स्टीव्हन्सन घराण्यातल्या ॲलनने हा आक्षेप घेतलाच होता. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की त्या सुंदर वळणात एक दोषही होता. पायथ्याशी आपटलेली लाट त्या वळणावरून सरकत वर चढायची आणि थेट दिव्याखालच्या कांगोऱ्याला खालून धक्का द्यायची. डोळा ज्या रेषेवरून सुखाने वर जातो, त्याच रेषेवरून समुद्रही वर जात होता. पुढच्या दीपगृहाला जेम्स डग्लसने खाली सरळसोट गोल चौथरा दिला, तो लाट तिथेच फुटावी म्हणून. तो चौथरा दिसायला बोजड आहे. पण बरोबर आहे. तरीही मला विचाराल तर मी स्मीटनची रेषा घेईन. सरस ओळीतला छंददोष खपवून घ्यावा तसा.

१८७७ च्या सुमारास मनोरा हादरतो आहे, हे मान्य करावेच लागले. मोठी लाट आली की वरच्या खोलीतल्या वस्तू हलायच्या. आणि यातला विलक्षण भाग हा, की मुख्य दोष मनोऱ्यात नव्हता. एकशे अठरा वर्षांनीही तो भक्कम होता. झिजला होता तो खडक. समुद्राने खालून खडकाची कड पोखरली होती आणि मनोरा अखंड तसाच वर उभा. त्याचे काही चुकले असेल तर इतकेच, की तो आपल्या जमिनीपेक्षा जास्त टिकला.

डग्लसने शेजारच्या खडकावर नवे दीपगृह बांधले. १८८२ च्या मे महिन्यात त्याचा दिवा लागला. जुने पाडायचे होते. प्लिमथच्या लोकांनी ते मागून घेतले आणि वर्गणी काढली. वरचा भाग दगड दगड सुटा करून, प्रत्येकाला खूण घालून, होडीने किनाऱ्यावर आणला आणि टेकडीवर नव्या ग्रॅनाइटच्या चौथऱ्यावर पुन्हा रचला. सप्टेंबर १८८४ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. म्हणजे मिलबेच्या आवारात एकदा झालेली तालीम सव्वाशे वर्षांनी पुन्हा, शेजारच्याच टेकडीवर. आज तो इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित वास्तूंत आहे. वाफेच्या युगात, जुने झाले की मोडीत काढायचे अशा काळात, एका शहराने निकामी झालेले दीपगृह केवळ ते चांगले बांधले होते म्हणून वर्गणी काढून घरी आणावे, याचे मला आजही नवल वाटते.

तक्रार करायला जागा आहे. टेकडीवर आल्या त्या खोल्या, शिड्या, दिव्याचा काचमहाल. म्हणजे माणसाला आत शिरून पाहता येईल तो भाग. ज्या भरीव बुंध्यात खाचांची, ठोकळ्यांची आणि खडकात घुसलेल्या पहिल्या सहा थरांची सगळी प्रतिभा आहे, तो आला नाही. नवा चौथरा मूळ रेषा इमानदारीने पुढे चालवतो, पण त्याला अडवायला लाट नाही. तरीही ही तक्रार मला पुरी करवत नाही, कारण बुंधा मागे राहिला तो कोणाच्या हलगर्जीपणाने नव्हे. काढायला गेले तर निघेनाच. दगडाने दगड सोडला नाही, चुन्याने दरज सोडली नाही. शेवटी त्यांनी तो तसाच राहू दिला.

स्मीटनने या कामाचे तपशीलवार पुस्तक लिहिले, ते १७९१ मध्ये निघाले. पुढच्या वर्षी तो गेला. बांधण्यापेक्षा लिहिणे जड गेले, अशी कबुली त्याने त्यात दिली आहे. आम्हा लिहिणाऱ्यांना हे वाक्य भिंतीवर लावण्यासारखे वाटेल, पण मला त्यातली खूण वेगळीच वाटते. ज्याने आपले सगळे कौशल्य दरजांमध्ये, भरीव गाभ्यात, पाण्याखाली, म्हणजे कोणाला दिसणार नाही अशा जागी घातले, त्याला ते लोकांपुढे शब्दांत मांडायचे म्हणजे दगड पुन्हा सुटे करण्यासारखेच होते.

मी वरच्या सज्ज्यात गेलो तेव्हा हवा स्वच्छ होती. नैर्ऋत्येला, क्षितिजाच्या जरा अलीकडे, एक उभी रेघ दिसत होती: डग्लसचे दीपगृह. ते १९८२ पासून माणसांविना चालते. माथ्यावर हेलिकॉप्टर उतरायची चौकट बसवलेली. शेजारच्या एका गृहस्थांकडे दुर्बीण होती. मागितली, त्यांनी दिली. रेघेच्या बाजूला एक आखूड, जाड, काळा ठिपका होता. पाणी त्याच्यावर चढत होते, उतरत होते. मुठीच्या बाजूला अंगठा काढावा तसा तो खडकातून वर आलेला.

दुर्बीण परत देताना ते गृहस्थ म्हणाले, "दिसलं का दीपगृह?"

"दिसलं," मी म्हटले, आणि कठड्याच्या दगडावरचा हात काढून घेतला.